खुंटीवरची किल्ली

सुमेधा आणि सौमित्र यांच्या घरात एक नियम होता, आणि तो फक्त त्या दोघांनाच ठाऊक होता. गाडीची किल्ली दाराजवळच्या खुंटीवर दिसली, म्हणजे बंदूक कपाटात गेली. किल्ली खुंटीवर नसेल तर गाडीला हात लावायचा नाही.

नियम सौमित्रनं बसवला होता. तो विद्यापीठात धातूंवर काम करायचा आणि त्याच्या प्रयोगशाळेतल्या क्ष-किरण यंत्राचं दार नीट लागल्याशिवाय यंत्र चालूच होत नसे. "माणसाच्या लक्षात राहण्यावर काही सोडायचं नाही," तो म्हणायचा. "माणूस विसरतो. खुंटी विसरत नाही." दोन वर्षं खुंटी खरोखरच विसरली नव्हती.

आता जपानमधल्या सेंदाईसारख्या शहरात, पुण्याहून आलेल्या, एका सहा वर्षांच्या मुलीच्या आईकडे बंदूक कशासाठी, हे सांगायला हवं. २०११ च्या भूकंपात अणुभट्ट्या फुटल्यावर फुकुशिमाकडची गावं रिकामी झाली, शेतं पडीक पडली आणि रानडुकरांचं फावलं. ती डोंगर ओलांडून उत्तरेकडे सरकू लागली. सुमेधाचं काम त्या डुकरांच्या मांसातलं किरणोत्सारी सीझियम मोजण्याचं होतं. त्यासाठी ताजे नमुने लागत, आणि ते देणारे शिकारी सगळे सत्तरीच्या पुढचे. त्यांचे म्होरके चिबा-सान तिला एकदा म्हणाले, "तुझा पेपर छापून येईपर्यंत आमच्यातले निम्मे मेलेले असतील. स्वतःच परवाना काढ ना." तिनं ते गंमत म्हणून घेतलं नाही.

पोलिसांनी तिला वर्षभर चाळणीतून गाळलं. लेखी परीक्षा, नेमबाजीची परीक्षा, डॉक्टरचा दाखला. शेजाऱ्यांकडे चौकशी झाली. सौमित्रला एकट्याला बसवून विचारलं, बायको चिडली की वस्तू फेकते का. तो "नाही" म्हणाला आणि घरी येऊन म्हणाला, "शब्द फेकते, असं सांगणार होतो, पण जपानीत विनोद जमला नसता." शेवटी बंदुकींचं काम पाहणारे अधिकारी ओनोदेरा-सान यांनी तिला समोर बसवून एकच गोष्ट तीनदा सांगितली. बंदूक गाडीत ठेवून जायचं नाही. पाच मिनिटंसुद्धा नाही. "वाटेत कॉन्बिनीच्या दुकानात लघवीला जायचं असेल तर बंदूक खांद्याला लावून आत जा. लाज वाटते? मग लघवी थांबवा." त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती.

परवान्याला दोन वर्षं झाली तेव्हा, सप्टेंबरच्या अखेरीस, सौमित्रची आई, सुलेखाताई, तीन महिन्यांसाठी आल्या. बंदुकीचं लोखंडी कपाट होतं ते तातामीच्या, म्हणजे चटया अंथरलेल्या, खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात, सरकत्या दारामागे, आणि नेमकी तीच खोली त्यांना द्यावी लागली. दुसरी नव्हतीच.

"आईला सांगू नको," सौमित्र म्हणाला. "तिला घरात उंदराचं औषध चालत नाही. तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे. लॅबचं यंत्र आहे म्हण."

सुमेधानं तसंच सांगितलं. खंडेनवमीला सुलेखाताईंनी शिवणयंत्र नाही म्हणून मिक्सरला हळदकुंकू वाहिलं आणि मग सरकतं दार उघडून त्या लोखंडी कपाटालाही बोटं लावली. "तुझं यंत्र ना हे? मग आज त्याचाही मान." नवराबायकोनं एकमेकांकडे बघायचं टाळलं, आणि नंतर स्वयंपाकघरात जाऊन पोट धरून हसले. नकळत का होईना, अख्ख्या सेंदाईत त्या दिवशी खरीखुरी शस्त्रपूजा एकट्या सुलेखाताईंनीच केली होती.

नोव्हेंबरच्या मध्याला शिकारीचा हंगाम उघडला. त्यातल्या दुसऱ्या शनिवारी सुमेधा पहाटे चारला निघाली. सोमवारी बर्फ पडणार असं हवामानखात्यानं सांगितलं होतं, त्यामुळे शहरातल्या यच्चयावत गाड्यांना हिवाळी टायर त्याच दोन दिवसांत चढवायचे होते. सौमित्रला दुपारी पाऊणची वेळ मिळाली होती. ठरलं ते असं: सुमेधा बारापर्यंत येईल, बंदूक ठेवेल, किल्ली खुंटीला लावेल, मग सौमित्र गाडी टायरवाल्याकडे नेईल.

डोंगरात त्या दिवशी डुक्कर मिळालं नाही. मिळाली ती गडबड. एका सुळेवाल्या नरानं चिबा-सान यांच्या कुत्रीची मांडी फाडली आणि तो पसार झाला. एरवी शिकार संपली की सगळे गोल उभे राहत, आपापल्या बंदुकीचं तोंड मातीकडे करून ती उघडत, आत बोट घालून पाहत आणि रिकाम्या नळीकडे बोट दाखवून मोठ्यानं "योशी!" म्हणत. म्हणजे, ठीक. सुमेधाला सुरुवातीला हा प्रकार शाळेतल्या कवायतीसारखा वाटायचा. आता त्याशिवाय तिला चुकल्यासारखं व्हायचं. पण त्या दिवशी कुत्री केकाटत होती, चिबा-सान तिच्या जखमेवर रुमाल दाबून बसले होते, आणि सुमेधानं बंदूक पिशवीत सारून कुत्रीला दोन्ही हातांनी उचललं. ट्रकपर्यंत तिला वाहून नेताना तिच्या जॅकेटभर रक्त झालं.

बारा वाजून दहा मिनिटांनी तिनं इमारतीखाली गाडी लावली, डिकी उघडली आणि लांब काळ्या पिशवीला हात घातला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"आलीस का गं? बघ कोण आलंय!"

सुलेखाताई पार्किंगपर्यंत खाली आल्या होत्या आणि त्यांच्यासोबत त्यांच्याच वयाच्या एक बाई होत्या, गळ्याभोवती दोन मफलर गुंडाळलेल्या. "ही सुप्रभा, माझी शाळेतली मैत्रीण. टोकियोत फुनाबोरीला लेकीकडे आलीये. मात्सुशिमाची बेटं बघायला निघाली होती, म्हटलं आधी जेवायला ये. आणि अगं बाई! हे रक्त कसलं?"

"कुत्रीला लागलं होतं, आई. मी उचललं तिला."

"मातीचे नमुने आणायला जाते म्हणतेस आणि येतेस कुत्रीच्या रक्तानं न्हाऊन. आधी अंघोळ. त्याशिवाय पानावर बसायचं नाही. आण ती पिशवी, मी घेते."

"नको!"

तिला वाटलं त्यापेक्षा ते मोठ्यानं निघालं. सुप्रभाबाई हसल्या. "सुलेखा, सून ओरडते हो तुझ्यावर."

"ओरडू दे. घरात एकच सासू आहे, सून तरी दुसऱ्या कुणावर ओरडणार?"

सुमेधानं मनात भराभर हिशेब केला. पिशवी वर न्यायची तर ती सासूबाईंच्या खोलीत न्यायची, दोघींच्या देखत सरकतं दार उघडायचं, लोखंडी कपाट उघडायचं. सुप्रभाबाईंच्या बॅगा तिथंच पसरलेल्या असणार. काय आहे गं हे, असं त्या विचारणार. आणि सुलेखाताई कौतुकानं म्हणणार, बघू बघू. त्यापेक्षा दोघी स्वयंपाकघरात गेल्या की परत खाली यायचं. पाच मिनिटं.

तिनं डिकी बंद केली, कुलूप लागल्याचा आवाज ऐकला, किल्ली जॅकेटच्या खिशात टाकली. काडतुसांची छोटी पिशवी कमरेला स्वेटरखाली होती, ती तिच्याबरोबर वर आली. वर सौमित्र मुलीच्या, कश्मिराच्या, केसांचा गुंता सोडवत बसला होता. पाहुण्यांदेखत त्याला काही सांगता येईना. आणि सांगायचं तरी काय, पाच मिनिटांसाठी?

अंघोळ लवकर उरकली नाही. रक्त नखांत गेलं होतं, कोपरापर्यंत वाळलं होतं. बाहेर आली तेव्हा घरात भाजणीच्या थालीपिठांचा वास होता आणि खुंटी रिकामी होती.

खुंटी रिकामी असणं बरोबरच होतं. किल्ली जॅकेटात होती. पण जॅकेट कुठं होतं?

"आई, माझं जॅकेट?"

"भिजवलं मी. रक्ताचे डाग गार पाण्यातच निघतात, गरम पाणी लागलं की बसलेच ते. आणि खिसे बघत जा गं. किल्ली पाण्यात गेली असती तर? मी आपली लावली खुंटीला."

"मग... कुठाय ती?"

"सौमित्र घेऊन गेला की. टायर बदलायचेत ना? कश्मिराही गेली त्याच्याबरोबर. झाली दहाएक मिनिटं."

सुमेधा भिंतीला टेकली. खुंटीनं आपलं काम चोख केलं होतं. किल्ली होती, म्हणून सौमित्र निघाला. ज्यांना नियम ठाऊक नव्हता त्यांनी नीटनेटकेपणानं नियम पाळला होता.

"काय झालं गं? चक्कर येतेय का? चारपासून उपाशी, आणि वर—"

"काही नाही. गाडीत काहीतरी राहिलं."

ती झोपायच्या खोलीत गेली आणि दार लावून सौमित्रला फोन लावला. फोन वाजत राहिला. गाडी चालवताना तो फोन घेत नसे. फोन समोरच्या स्टँडवर लावलेला असे आणि तो त्याच्याकडे बघतही नसे. टायरच्या दुकानाचा फोन लावला. एका बाईचा ध्वनिमुद्रित आवाज अतिशय नम्रपणे म्हणाला, सध्या फार गर्दी आहे, कृपया थोड्या वेळानं.

काडतुसं कुलुपात ठेवायची म्हणून तिनं पिशवी उघडली आणि सवयीनं मोजली. नऊ.

परत मोजली. नऊ. पहाटे दहा घेतली होती. काडतुसांच्या वहीत तिच्याच अक्षरात दहा लिहिलं होतं. एकही गोळी तिनं झाडली नव्हती.

एखाद्या गोष्टीची दोनच स्पष्टीकरणं असतील तर दोन्ही सारख्याच थंडपणे तपासायची, हे ती विद्यार्थ्यांना शिकवायची. एक: कुत्रीकडे धावताना एक काडतूस डोंगरात पडलं. दोन: सकाळी दबा धरताना भरलेलं ते काडतूस अजून बंदुकीतच आहे. बंदूक उघडून आत बोट घातल्याचं तिला स्पष्ट आठवत होतं. बोटाला नळीचा गारवा आठवत होता. पण तो आजचा गारवा की बुधवारचा? तिनं डोळे मिटून आजची सकाळ शोधली. तिथं फक्त कुत्री होती. "योशी" म्हणणारा स्वतःचा आवाज तिला कुठेच ऐकू येईना.

तिनं परवान्याची वही घेतली आणि पायात सापडले ते बूट घातले.

"अगं, ओले केस घेऊन कुठं निघालीस? न्यूमोनिया होईल! सुप्रभा, बघ बाई, ही आजकालची—"

दार मागं लागलं.

मागे लहान मुलीची खुर्ची लावलेली सायकल घेऊन ती उतारावरून सुटली. दुकान बायपासला, चार किलोमीटर. रस्त्यावर गिंकोच्या पिवळ्या पानांचा ओला थर होता, दोनदा चाक घसरलं. थंड वाऱ्यानं ओलं डोकं बधिर झालं, पण विचार काही बधिर होईनात. डिकीच्या तळाशी, फळीखाली, चोरी होऊ नये म्हणून लावलेल्या चाकांच्या खास नटांची चावी असते. ती घेतल्याशिवाय टायर निघत नाहीत. म्हणजे दुकानातला माणूस डिकी उघडणार. फळी उचलायची तर फळीवरची पिशवी उचलावी लागणार. उचलून तो ती कुठं ठेवील? बंदुकीचा घोडा अडवणारी सेफ्टी लावली होती का? ती नेहमीच लावलेली असते. नेहमी. पण नेहमी तर ती बोट घालूनही बघायची.

सिग्नलला ती थांबली. शेजारी एक म्हातारे गृहस्थ थांबले होते. ते तिच्या ओल्या केसांकडे बघून हळूच म्हणाले, सर्दी होईल हं. तिनं मान तुकवली. आयुष्यात इतका लांब सिग्नल तिनं पाहिला नव्हता.

दुकानासमोर गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. त्यांची पांढरी गाडी आत, दुसऱ्या गाळ्यात, कमरेइतकी वर उचललेली. चारी चाकं काढलेली. डिकी उघडी. तळाची फळी उचलून बाजूला टेकवलेली. आत पान्ह्याची जागा, जॅकची जागा, मुलीचा एक जुना मोजा.

काळी पिशवी नव्हती.

तिनं सायकल तशीच आडवी टाकली. निळ्या कपड्यांतला एक पोरगेला कामगार धावत आला, टोपी काढून वाकला. ती काय बोलली ते तिला नंतर आठवलं नाही. त्यानं मात्र उत्साहानं सांगितलं, "हो हो, लांब पिशवी! वजनदार होती. इथं तेल सांडतं ना, खराब होऊ नये म्हणून मी आत नेऊन दिली. तुमच्या मुलीकडे."

दुकानातल्या लोकांनी ग्राहकाच्या वस्तूची काळजी घेतली होती. जशी ते सगळ्यांच्याच वस्तूंची घेतात.

प्रतीक्षाखोलीत माणसं खच्चून भरली होती. टीव्ही चालू होता. कोपऱ्यात, पेयांच्या मशीनशेजारी, कश्मिरा खुर्चीवर पाय हलवत बसली होती. तिच्या मांडीवर काळी पिशवी आडवी होती, एक टोक खुर्चीच्या हातावर, दुसरं टोक शेजारच्या माणसाच्या वर्तमानपत्राच्या दिशेनं. पिशवीच्या पट्ट्याला दुकानाचा पिवळा बिल्ला लावला होता, सत्तावीस नंबर. कश्मिरा चेनची कडी बोटांनी खालीवर करत होती. चेन वीतभर उघडली होती.

सुमेधाला ओरडायचं होतं. ओरडलं की मूल दचकतं, आणि दचकलेल्या मुलाचे हात काय करतील ते सांगता येत नाही. ती चालत गेली. खोली केवढी, सात-आठ पावलं. वर्तमानपत्रवाल्याला ती म्हणाली, "माफ करा, जरा पलीकडे बसता का?" तो निमूट उठला. मग ती मुलीसमोर गुडघ्यांवर बसली.

"कश्मी, हात वर कर. दोन्ही. शाब्बास. तसेच धर."

"माम्मा?" मुलगी जपानीत म्हणाली, "पापा टॉयलेटला गेलाय. तो दादा म्हणाला नीट सांभाळ, म्हणून मी सांभाळतेय. यात काय आहे?"

"हात वरच ठेव हं."

तिनं पिशवी उचलली, जाड टोक काखेत घेतलं, बारीक टोक जमिनीकडे केलं. चेन लावली. सगळं हळू. मग मशीनला धरून ती उठली.

"माम्मा, हात खाली करू?"

"कर."

सौमित्र रुमालाला हात पुसत आला. त्यानं आधी ओले केस पाहिले, मग पिशवी.

"खुंटीवर होती," तो मराठीत पुटपुटला. "सुमेधा, किल्ली खुंटीवर होती."

"आईंनी लावली. जॅकेट भिजवताना."

"म्हणजे मी... अगं, मी हिला शेजारी बसवून..." त्यानं वाक्य सोडलं आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "रिकामी आहे ना?"

"काडतुसं नऊच आहेत."

त्यानं खोलीतल्या माणसांवर एक नजर टाकली. मग भराभर बोलू लागला. "ऐक. कुणाला काही कळलेलं नाही. मी टॅक्सी बोलावतो. तू घरी जा, कपाटात ठेव. नाहीतर टॉयलेटमध्ये जा, दार लाव आणि उघडून बघ. रिकामी असेल तर प्रश्नच मिटला."

"आणि नसेल तर?"

"तर काढून खिशात टाक! कोण बघतंय? सुमेधा, परवाना जाईल. परवाना गेला की तुझं काम गेलं. विद्यापीठाला कळेल. व्हिसाचं काय होईल, मला माहीत नाही. तीन वर्षांचं काम, अगं."

त्यानं सांगितलेलं सगळं खरं होतं. टॉयलेटचं दार तिथून चार पावलांवर होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. आत जायचं, कडी घालायची, बंदूक उघडायची, दहावं काडतूस खिशात टाकायचं. दहा होतील. वही बरोबर येईल. फक्त, पातळ फळीच्या त्या दारापलीकडे माणसं बसली होती. आणि दुसरी गोष्ट अशी की आज सकाळी याच हातांवर आणि याच डोळ्यांवर तिनं विश्वास ठेवला होता. आता आत जाऊन तिनं "रिकामी आहे" असं पाहिलं, तरी त्या पाहण्यावर तिचा विश्वास बसला नसता. तिला दुसरं कुणीतरी हवं होतं, जे बोट दाखवून मोठ्यानं म्हणेल.

"मी ओनोदेरा-सानना फोन करते."

"सुमेधा—"

"कश्मीला घेऊन बाहेर जा. रस्त्यापलीकडे. मी बोलवेपर्यंत येऊ नकोस."

दुकानाचे मालक कान्नो-सान यांना तिनं एका बाजूला घेतलं आणि परवान्याची वही दाखवली. त्यांनी वही वाचली, पिशवीकडे पाहिलं, एकही प्रश्न न विचारता टायरच्या कोठाराचं कुलूप काढलं आणि मग त्या पोरगेल्या कामगाराला हाक मारून काहीतरी हळू सांगितलं. तो मुलगा आपल्या हातांकडे बघत उभा राहिला.

फोनवर तिनं नाव सांगितलं, परवान्याचा क्रमांक सांगितला. पुढचं वाक्य तिनं एरवीसारखं आधी मराठीत किंवा इंग्रजीत मनात जुळवलं नाही, थेट जपानीत बोलली. "माझी बंदूक माझ्याशिवाय गाडीत होती. परवाना नसलेल्या दोघांनी ती हाताळली. त्यातली एक सहा वर्षांची आहे. बंदूक भरलेली असू शकते."

"हलू नका," ओनोदेरा-सान म्हणाले. "बंदुकीचं तोंड कुठे आहे?"

"टायरच्या ढिगाकडे."

"तसंच ठेवा."

वीस मिनिटं ती रबराच्या वासात, छतापर्यंत रचलेल्या टायरांसमोर, पिशवी धरून बसली. बाहेर हवेवर चालणाऱ्या पान्ह्याचा आवाज मधूनमधून फाटकन यायचा आणि प्रत्येक वेळी तिचे खांदे वर जायचे.

ओनोदेरा-सान एका तरुण शिपायाला घेऊन आले. त्यांनी पिशवी तिच्या हातातून घेतली, चेन काढली, बंदूक टायरांकडे धरली. सेफ्टी लावलेली होती. त्यांनी बोल्टचा दांडा मागे ओढून ती उघडली.

पिवळं काडतूस उडून सिमेंटवर पडलं, गडगडत गेलं आणि शिपायाच्या बुटाला लागून थांबलं. कुणीच ते लगेच उचललं नाही. ओनोदेरा-साननी नळीत बोट घातलं, रिकाम्या नळीकडे बोट दाखवलं आणि मोठ्यानं म्हणाले, "योशी."

"योशी," सुमेधाही त्यांच्या पाठोपाठ म्हणाली.

बंदूक ते घेऊन गेले. परवाना बहुधा राहणार नाही, असं त्यांनी वहीत लिहितालिहिता सांगितलं. पुढे आणखी काय होईल ते आपल्या हातात नाही, मात्र फोन तुम्ही स्वतःहून केलात हे मी लिहीन. मग म्हणाले, घर पाहावं लागेल. घरात राहणाऱ्या प्रत्येकाशी बोलावं लागेल.

संध्याकाळी पाचला, अंधार पडला तेव्हा, ते तातामीच्या खोलीत मांडी घालून बसले होते. सुप्रभाबाई केव्हाच स्टेशनला गेल्या होत्या. सरकतं दार उघडं होतं, लोखंडी कपाटही उघडं, रिकामं. सुलेखाताई भिंतीशी बसल्या होत्या. वाटेतून सौमित्रनं त्यांना फोनवर सगळं सांगितलं होतं. कश्मिरा त्यांच्या मांडीवर झोपली होती आणि त्यांनी तिचे दोन्ही तळवे आपल्या मुठीत धरून ठेवले होते.

"कृपया विचारा," ओनोदेरा-सान म्हणाले, "या घरात बंदूक आहे हे आजींना माहीत होतं का? किल्लीच्या नियमाची कल्पना दिली होती का?"

सुमेधानं मराठीत विचारलं.

सुलेखाताईंनी उघड्या लोखंडी कपाटाकडे पाहिलं.

"दोन महिने मी याला डोकं लावून झोपतेय," त्या म्हणाल्या. "मी भित्री आहे, मला माहितीये. घाबरले असते. ओरडलेही असते तुमच्यावर. दोन दिवस जेवले नसते. पण त्या किल्लीला हात लावला असता का गं मी?"

"आई, मी—"

"मला नको सांगूस. त्यांना सांग. घरात पाहुणा आला तरी आपण सांगतो, बाबा रे, ती तिसरी पायरी हलतेय, जपून. परक्यालासुद्धा सांगतो. मला कुणी सांगितलं नाही. हे सांग त्यांना. माझ्याकडे बघून नको रडू, त्यांच्याकडे बघून सांग. आणि एक शब्दही गाळू नकोस."

सौमित्र दारात उभा होता.

सुमेधा ओनोदेरा-सानकडे वळली. तिनं घाबरण्याचं सांगितलं, ओरडण्याचं सांगितलं, दोन दिवस न जेवण्याचं सांगितलं. हलणाऱ्या पायरीपाशी ती अडखळली, योग्य शब्द सापडेना, तेव्हा तिनं हातानं पायरी हलवून दाखवली. मग शेवटचं वाक्य सांगितलं: मला कुणी सांगितलं नाही. ओनोदेरा-साननी लिहिणं थांबवलं. सुलेखाताईंकडे पाहून ते किंचित वाकले. मग त्यांनी पेन पुन्हा उचललं, आणि तिला म्हणाले की हे शेवटचं वाक्य पुन्हा एकदा, सावकाश सांगा.